सरकत जाणारी झोप : खानापूर तालुक्यातील एका दृष्टिहीन रुग्णाचे प्रकरण

रुग्णाचे वय 39 वर्षे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या पलीकडील एका लहान गावात ते आई, पत्नी आणि दोन मुलांसह राहतात. वयाच्या 26व्या वर्षी दगडाच्या खाणीत सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे फुटले आणि जंतुसंसर्ग आवरेना म्हणून काही आठवड्यांतच दोन्ही नेत्रगोल शस्त्रक्रियेने काढावे लागले. आज त्यांच्या खोबणीत कृत्रिम डोळे आहेत. घरच्या दोन म्हशींची धार तेच काढतात आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दवाखान्यात ते आले ते झोपेची तक्रार घेऊन. त्यांच्या आणि कुटुंबीयांच्या संमतीने, नाव व गाव वगळून, हे प्रकरण मी येथे मांडत आहे. सीमाभागातल्या खेड्यांत असे आणखी रुग्ण असणार आणि त्यांनाही आळशी किंवा खचलेले ठरवून घरच्यांनी व डॉक्टरांनी सोडून दिलेले असणार, याची मला खात्री वाटते.

तक्रार ऐकायला विचित्र होती. दोन-तीन आठवडे त्यांना रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास गाढ झोप लागे आणि पहाटे म्हशींच्या हंबरण्याआधी जाग येई. त्यानंतर झोप हळूहळू उशिरा येऊ लागे. मग असे दिवस येत की रात्रभर ते पडवीत बसून राहात आणि सकाळी दूध डेअरीत पोचल्यावर जागच्या जागी पेंगत. त्या काळात पहाटे दोन वाजता त्यांना कडकडून भूक लागे, लघवीसाठी रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागे, आणि दुपारी मात्र हाक मारून, हलवूनही ते धड जागे होत नसत. आणखी काही आठवडे लोटले की काहीही न करता सगळे पूर्ववत होई. याआधी त्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या; त्यांनी रात्री गुंगी येई, पण दिवसाची झोप हटत नसे. पुढे नैराश्याचे निदान होऊन त्याचीही औषधे झाली. चांगले आठवडे आले की औषध लागू पडले असे सर्वांना वाटे आणि वाईट आठवडे आले की रुग्णाने पथ्य पाळले नाही असे म्हटले जाई.

आईंचा संशय अमावास्येवर होता, कारण त्यांच्या आठवणीतला एक मोठा त्रास नेमका अमावास्येला सुरू झाला होता. पत्नीला ते पटत नव्हते. त्यांनी सांगितलेले वाक्य मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतले : ‘‘झोप गेली न्हाई डॉक्टर, झोप सरकत चाललीया. फिरून फिरून परत जाग्यावर येती.’’ संपूर्ण निदान या वाक्यात होते. मात्र घरात आणखी एक मुद्दा वादाचा होता आणि तो रुग्णाला फार लागला होता. त्यांचे थोरले चुलत भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, तेही पूर्ण आंधळे आहेत. त्यांना लहानपणापासून रातांधळेपणा होता, पुढे नजर चहूबाजूंनी आकसत गेली आणि पस्तिशीत दिसणे थांबले. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार त्यांना आहे. हे दादा मात्र वर्षाचे बारा महिने उजाडताना उठतात आणि कार्तिकात काकड आरतीला सर्वांच्या आधी देवळात हजर असतात. ‘दादाही आंधळाच आहे, तो कसा टायमात उठतो?’ हा प्रश्न घरच्यांनी टोमणा म्हणून विचारला होता. वैद्यकीयदृष्ट्या त्या घरात विचारला गेलेला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता.

पहिली गरज होती ती नोंदींची. रुग्णाचा मुलगा सातवीत शिकतो. त्याला गणिताच्या चौकटीच्या वहीत एका ओळीत एक दिवस आणि एका चौकटीत एक तास अशी आखणी करून दिली आणि वडील जितके तास झोपले तितक्या चौकटी पेन्सिलीने काळ्या करायला सांगितले. झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ त्याची आई सांगे, मुलगा चौकटी भरी. आठवडाभराच्या नोंदीत विशेष काही दिसत नव्हते, कारण दुपारच्या डुलक्या आणि डेअरीसाठी केलेली उठाठेव यांनी चित्र विसकटत होते. पण पाने एकाखाली एक लावल्यावर काळ्या चौकटींचा एक तिरका पट्टा डावीकडून उजवीकडे स्पष्ट उतरत गेलेला दिसला. रोज साधारण अर्धा तास. या वेगाने पट्ट्याला चोवीस तासांची फेरी पूर्ण करायला सुमारे 48 दिवस लागतात आणि प्रत्यक्षात पुढची फेरी त्याच सुमारास सुरू झाली. अमावास्या ते अमावास्या हे अंतर साडेएकोणतीस दिवसांचे असते. त्यामुळे पुढचा त्रास सुरू झाला तेव्हा पौर्णिमाही उलटून गेली होती आणि त्यापुढचा शुक्ल पक्षात, अष्टमीच्या आसपास आला. वही समोर ठेवून हा हिशेब सांगितल्यावर आईंनी तो मान्य केला.

हा पट्टा नीट पाहिला तर त्यात एक गोष्ट विशेष जाणवते, ती म्हणजे त्याची शिस्त. बिघडलेल्या झोपेची नोंद विस्कळीत असते, कधी तीन तास, कधी नऊ, आज लवकर, उद्या उशिरा. इथे तसे नव्हते. रुग्णाच्या शरीरातले घड्याळ अत्यंत नेमाने चालत होते, फक्त त्याचा दिवस चोवीस तासांचा नसून सुमारे साडेचोवीस तासांचा होता. भूक आणि लघवी यांच्या वेळाही झोपेबरोबर सरकत होत्या. रात्री मूत्र कमी तयार होणे ही शरीराची नेहमीची व्यवस्था आहे. ती दिवसा लागू होऊन रात्री उठून गेली होती, म्हणजे प्रश्न झोपेपुरता नव्हता, सगळ्या शरीराची रात्रच जागा सोडून फिरत होती.

हे घड्याळ मेंदूत कुठे असते हे 1972 साली स्पष्ट झाले. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचे दोन बारीक पुंजके असतात. त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, थोडक्यात एससीएन, म्हणतात. उंदरांच्या जातीत दोन्ही पुंजक्यांत मिळून सुमारे वीस हजार चेतापेशी भरतात. मूर आणि आयकलर यांनी, तसेच स्वतंत्रपणे स्टीफन आणि झुकर यांनी उंदरांमधील हा भाग नष्ट केला तेव्हा प्राण्यांच्या हालचालींची, पाणी पिण्याची आणि संप्रेरकांची दैनंदिन लय नाहीशी झाली. ते झोपत होते, पण दिवसरात्र तुकड्यातुकड्यांनी. भाग काढल्यावर लय जाते एवढ्याने घड्याळ तिथेच आहे हे सिद्ध होत नाही, अशी शंका तेव्हा घेता येत होती. तिचे उत्तर 1990 साली मिळाले. ज्यांचा दिवस जन्मतः सुमारे वीस तासांचा होता अशा एका जातीच्या हॅमस्टर प्राण्यांचे एससीएन, स्वतःचे एससीएन गमावलेल्या दुसऱ्या हॅमस्टरच्या मेंदूत बसवण्यात आले. राल्फ, फॉस्टर, डेव्हिस आणि मेनेकर यांच्या या प्रयोगात लय परत आलीच, शिवाय तिची लांबी दात्याच्या घड्याळाची होती. माझ्या मते या विषयातला इतका निर्विवाद प्रयोग दुसरा नाही.

घड्याळ चालते ते प्रत्येक पेशीच्या आत. ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल1’ ही दोन प्रथिने जोडीने ‘पिरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ नावाची जनुके चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने केंद्रकाबाहेर साठत जातात, एकमेकांशी जुळतात, काही तासांनी केंद्रकात शिरतात आणि ज्या जोडीने आपल्याला चालना दिली तिलाच अडवून धरतात. उत्पादन थांबते, साठलेली प्रथिने हळूहळू मोडीत निघतात, अडवणूक सुटते आणि चक्र नव्याने सुरू होते. केसीन कायनेज नावाची विकरे या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांचे आयुष्य ठरवतात, आणि चक्राची लांबी बरीचशी यावर अवलंबून असते. वर सांगितलेल्या हॅमस्टरचा वीस तासांचा दिवस अशाच एका विकरातील बदलामुळे होता. पिरियड जनुकाचा शोध मुळात 1971 साली कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत लागला होता. त्या माशीतील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एससीएनमधील पेशी एकमेकींपासून सुट्या करून काचपात्रात वाढवल्या तर प्रत्येक पेशी आपापल्या गतीने चालत राहते, कुणाचा दिवस बावीस तासांचा, कुणाचा सव्वीसचा, हे 1995 साली दिसून आले. अखंड पुंजक्यात मात्र त्या एकमेकींना रासायनिक संदेश देत राहतात आणि सर्वांची मिळून एकच लय तयार होते. भजनात टाळकरी एकमेकांचे टाळ ऐकत ठेका सांभाळतात, तसेच हे आहे. या एकत्रित लयीमुळेच घड्याळ इतके नेमके चालते. पण नेमके चालणे आणि बाहेरच्या दिवसाशी जुळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता मोजणी केली असता डोळस माणसाच्या घड्याळाचा दिवस सरासरी 24 तास 11 मिनिटांचा भरतो, असे हार्वर्डमधील चाइझलर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे घड्याळ थोडे मागे पडणारेच असते आणि ते दररोज पुढे ओढले जाते. हे काम प्रकाश करतो. पहाटेचा व सकाळचा प्रकाश घड्याळाला पुढे नेतो, रात्रीच्या पहिल्या भागातला प्रकाश त्याला मागे ढकलतो.

प्रकाशाचा हा निरोप एससीएनपर्यंत कोण नेतो, या प्रश्नातच दादांच्या वेळेवर उठण्याचे उत्तर आहे. दृष्टिपटलातील दंडपेशी आणि शंकुपेशी दिसण्याचे काम करतात. रेटिनायटिस पिगमेंटोसात त्या मरतात. पण दृष्टिपटलाच्या आतल्या थरात काही थोड्या गँग्लियन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या चेतापेशी) अशा असतात की त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे स्वतःचे प्रकाशसंवेदी द्रव्य असते आणि निळ्या प्रकाशाला, सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, त्या स्वतंत्रपणे प्रतिसाद देतात. त्यांचे तंतू थेट एससीएनमध्ये जातात. बर्सन आणि हत्तार यांच्या गटांनी 2002 साली त्यांचे कार्य दाखवून दिले. त्याआधीच, 1995 साली, काही पूर्ण अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर तीव्र प्रकाश टाकला असता त्यांच्या रक्तातील मेलाटोनिन हे रात्री स्रवणारे संप्रेरक डोळस माणसाप्रमाणेच खाली येते असे आढळले होते, जरी त्यांना प्रकाश पडल्याची जाणीवही नव्हती. दादांच्या बाबतीत हेच घडत आहे असे मानायला सबळ आधार आहे : त्यांना सूर्य दिसत नाही, पण त्यांच्या मेंदूतल्या घड्याळाला तो रोज कळतो. रुग्णाच्या बाबतीत नेत्रगोलाबरोबर त्या पेशीही गेल्या. दोघांच्या दाखल्यावर अंधत्वाची टक्केवारी एकच आहे, शंभर टक्के. घड्याळाच्या दृष्टीने मात्र एक भाऊ डोळस आहे आणि दुसरा आंधळा.

येथे एक शंका रुग्णाच्या पत्नीनेच काढली. रोज पहाटे पाचला म्हशी हंबरतात, सहाला डेअरीत दूध जाते, देवळात घंटा वाजते, चहा-जेवण ठरल्या वेळी होते. एवढ्याने घड्याळ का लागत नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सस्तन प्राण्यांच्या जगात एक सुंदर उत्तर आहे. आपल्याच तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील वटवाघळे अभ्यासकांना परिचित आहेत. पण या प्रश्नावर काम झाले ते मदुराईजवळच्या एका गुहेत. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी मारिमुथू व राजन यांनी 1981 साली दाखवले की गुहेच्या अंधारात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाचे घड्याळ, रोज संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या आणि परतणाऱ्या इतर वटवाघळांच्या वर्दळीनेही लागते. ही सोबत नसली की ते स्वतःच्या गतीने सरकू लागते. म्हणजे संगतीचा हिशेब काही सस्तन प्राण्यांत पुरेसा ठरतो. माणसात तो फार दुबळा असतो. ठरल्या वेळचे जेवण यकृतातील घड्याळ लावू शकते, कारण शरीराच्या बहुतेक अवयवांत अशी दुय्यम घड्याळे असतात. पण मेंदूतले मुख्य घड्याळ जेवणाने सहसा हलत नाही. ज्यांचे स्वतःचे घड्याळ चोवीस तासांच्या अगदी जवळ आहे अशा काही अंध व्यक्तींना नित्यक्रमाचा एवढा टेकू पुरतो. रोज अर्धा तास मागे पडणाऱ्या या रुग्णाला तो पुरण्यासारखा नव्हता, आणि तेरा वर्षे त्यांनी तो प्रयत्न मनापासून केला होता हे म्हशींच्या वेळांवरूनच दिसते.

झोपेच्या गोळ्या का उपयोगी पडल्या नाहीत, हेही यातून कळते. जागरणाने साठणारी झोपेची गरज ही एक गोष्ट आणि घड्याळाने दिलेली जागे राहण्याची आज्ञा ही दुसरी. गोळी गुंगी आणते, घड्याळाचा काटा ती हलवत नाही. हलवणारे औषध वेगळे आहे. एससीएन आपला निरोप मज्जारज्जू आणि मानेतील चेतागुच्छ अशा वळणाच्या वाटेने पिनियल ग्रंथीला देतो आणि ती रात्री मेलाटोनिन सोडते. हेच मेलाटोनिन उलट एससीएनवरही काम करते. ते संध्याकाळी दिले तर घड्याळ पुढे सरकते, सकाळी दिले तर मागे, म्हणजे प्रकाशाच्या बरोबर उलट. अमेरिकेतील ओरेगन येथे सॅक, लुई आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सात अंध व्यक्तींना रोज झोपण्यापूर्वी 10 मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले आणि त्यांपैकी सहा जणांचे घड्याळ चोवीस तासांवर स्थिर झाले. याच गटाने पुढे अर्धा मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही पुरू शकते हे दाखवले. शरीराचे घड्याळ चोवीस तासांशी न जुळण्याच्या या विकारासाठी टॅसिमेल्टिऑन नावाच्या औषधाला अमेरिकेत 2014 साली मान्यता मिळाली, परंतु आपल्या रुग्णाला परवडणारा आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा पर्याय मेलाटोनिन हाच होता.

उपचाराची सुरुवात लगेच केली नाही. वहीतला पट्टा रात्री दहाच्या जवळ येईपर्यंत थांबलो, कारण चुकीच्या टप्प्यावर दिलेली गोळी घड्याळ उलट दिशेला ढकलू शकते आणि रुग्णाचा विश्वास एकदा उडाला की परत बसत नाही. त्यानंतर रोज रात्री नऊ वाजता, एकही दिवस न चुकवता, कमी मात्रेतली गोळी सुरू केली. वेळ नेमकी पाळण्यासाठी पत्नीने मोबाइलमध्ये गजर लावून दिला. पहिले काही आठवडे पट्टा सरकतच होता, पण त्याचा उतार कमी होत गेला; नंतर तो सरळ खाली उतरू लागला आणि तिथेच राहिला. रात्री लघवीला उठणे एकदोन वेळांवर आले. सकाळी थोडे जड वाटते अशी तक्रार झाली तेव्हा मात्रा निम्मी केली आणि तरीही पट्टा जागेवर राहिला.

उपचाराची खरी परीक्षा ठरवून घेतलेली नव्हती. कार्तिकी वारीसाठी मंडळी पंढरपूरला गेली आणि गोळ्या घरीच राहिल्या. परतल्यावर वहीत भरलेल्या आठवड्याभराच्या ओळींत पट्टा पुन्हा त्याच अर्ध्या तासाच्या उताराने निघालेला होता आणि शेवटच्या दिवशी रात्री दोनच्या आधी त्यांना झोप आली नव्हती. गोळी पुन्हा नऊ वाजता सुरू केली. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने ती आता संध्याकाळी पाचला पडत होती, म्हणजे घड्याळ पुढे ओढण्याच्या टप्प्यातच, त्यामुळे पुढची फेरी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागली नाही. काही आठवड्यांत झोप जागेवर आली. औषध थांबताच सरकणे सुरू आणि औषध येताच बंद, एवढा स्पष्ट पुरावा मिळाल्यावर नैराश्याची औषधे, ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली.

या प्रकरणाच्या निमित्ताने दोन व्यावहारिक गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. डोळा दिसत नाही, पण दुखत नाही आणि त्यात संसर्गही नाही, अशा वेळी केवळ दिसायला बरे म्हणून तो काढण्याचा निर्णय घेण्याआधी रुग्णाची झोप वेळेवर आहे का हे नेत्रतज्ज्ञांनी विचारावे. झोप वेळेवर असेल तर तो डोळा अजून काहीतरी काम करत असण्याची शक्यता आहे. या रुग्णाच्या बाबतीत संसर्गामुळे निवडीला वाव नव्हता, पण अपंगत्वाच्या दाखल्यासाठी येणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत तो असतो. दुसरी गोष्ट दादांची. दिसत नाही म्हणून त्यांना घरात बसवून ठेवण्याचा आणि बाहेर काढले की काळा चष्मा लावण्याचा घरच्यांचा प्रघात आहे. सकाळी उजाडल्यापासून निदान तासभर त्यांना चष्म्याविना अंगणात बसू द्यावे असे मी लिहून दिले आहे, आणि आता रुग्णाच्या गोळीची व दादांच्या अंगणाची, अशा दोन्ही नोंदी मुलगा त्याच वहीत ठेवतो.